डाळिंबाची फळे उन्हाने का भाजतात व ती कशी वाचवावीत

आंबे बहराच्या डाळिंब बागेत एप्रिलच्या मध्यापासून एक गोष्ट हटकून दृष्टीस पडू लागते. फळाच्या एकाच अंगाला प्रथम फिकट पिवळसर छटा येते. पुढे तो भाग तपकिरी होतो, त्यावरील चमक जाते, साल चामड्यासारखी कडक बनते आणि ऊन तसेच लागत राहिले तर अखेरीस तेथे काळा डाग उमटतो. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला व मंगळवेढा, सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, सटाणा व देवळा या भागांतील बागायतदारांना हा डाग नवा नाही. त्यास कोणी उन्हाचा चट्टा म्हणतात, तर कोणी फळ भाजले असे म्हणतात.

नाव अगदी अचूक आहे; उपाय मात्र पुष्कळदा चुकतो. डाग दिसताच दुकानातून बुरशीनाशक आणून फवारणारे बागायतदार गावोगाव आढळतात. एका फवारणीने डाग गेला नाही म्हणून दुसरी व दुसरीने गेला नाही म्हणून तिसरी फवारणी केली जाते. औषधाचा व मजुरीचा खर्च वाढत जातो आणि फळे भाजतच राहतात. याचे कारण असे की, हा रोग नव्हे. यात जंतू नाही, बुरशी नाही, कीडही नाही. ऊन व उष्णता यांमुळे सालीतील जिवंत पेशी मरतात, एवढेच येथे घडते. आणि मेलेली पेशी कोणत्याही औषधाने पुन्हा जिवंत होत नाही. तेव्हा भाजलेल्या फळावर इलाज नाही, न भाजलेल्या फळाचे रक्षण मात्र करता येते. या रक्षणाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे झाडाचे स्वतःचे पान होय. मे महिन्यात धावपळ करून जे साधत नाही, ते डिसेंबर-जानेवारीत छाटणीची कात्री हाती घेताना विचार केल्यास पुष्कळ अंशी साधते.

या नुकसानीकडे दुर्लक्ष करणे आज पूर्वीपेक्षा अधिक महाग पडते. पूर्वी पुण्याजवळील गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी निवडलेल्या 'गणेश' वाणाची लागवड सर्वत्र होती. त्याचे फळ पिवळसर-गुलाबी असल्याने थोडीशी फिकट छटा त्यावर खपून जात असे. आता बहुतेक क्षेत्र महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या 'भगवा' वाणाखाली आहे. या फळाला भाव मिळतो तो त्याच्या केशरी-लाल रंगामुळे व सालीच्या चकाकीमुळे. अशा फळावर रुपयाएवढा जरी डाग असला तरी व्यापारी ते पहिल्या प्रतीतून बाजूस काढतो. दाणे गोड असूनही फळ दुय्यम ठरते व वर्षभराच्या श्रमाचा मोबदला त्या एका डागापायी घटतो.

फळ तापते कसे?

झाडाचे पान व फळ एकाच उन्हात असले तरी दोघांची स्थिती सारखी नसते. पान पातळ असते व त्याच्या असंख्य छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. मडक्यातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने पानही स्वतःस थंड राखते. फळ जाड व भरीव असते. त्याच्या सालीतून वाफ फारच थोडी बाहेर पडते. त्यामुळे त्यावर पडलेली उष्णता आत साठत जाते. भर उन्हातील फळाच्या पृष्ठभागाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा १० ते १५ अंशांनी अधिक होऊ शकते. आपल्या डाळिंब पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत हवेचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढणे ही नित्याची बाब आहे. म्हणजे उन्हात उघड्या असलेल्या फळाची साल ५० अंशांच्या पलीकडे जाते, हे सहज लक्षात येईल. दुपारी तीनच्या सुमारास एखाद्या उघड्या फळाच्या दोन्ही अंगांवर हाताचे तळवे ठेवून पाहावेत. उन्हाकडील अंगाचा चटका बसतो आणि सावलीकडील अंग तुलनेने गार लागते. बागायतदारास ही गोष्ट समजावून सांगण्यास याहून सोपा प्रयोग नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सफरचंदावर झालेल्या अभ्यासात असे आढळले की, फळाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५२ अंशांवर जाऊन तेथे दहा मिनिटे जरी टिकले तरी सालीच्या पेशी मरतात. ४६ ते ४९ अंशांवर तासभर राहिल्यास पेशी मरत नाहीत, परंतु ऊन असेल तर सालीचा रंग पिवळा-तपकिरी होतो. तिसरा प्रकार सर्वांत लक्षात ठेवण्यासारखा आहे. जे फळ आतापर्यंत सावलीत वाढले व एकाएकी उन्हात आले, ते याहून कमी तापमानालाही भाजते. डाळिंबाची साल सफरचंदाच्या सालीहून जाड असल्यामुळे हे आकडे डाळिंबास जसेच्या तसे लावू नयेत. परंतु या तिन्ही अवस्था आपल्या बागांतून पाहावयास मिळतात आणि एकाएकी उघडे पडण्याचा धोका तर छाटणी, बांधणी व पानगळ यांच्याशी थेट जोडलेला आहे.

पूर्वेकडील फळांनाही सकाळी तितकेच ऊन लागते; मग भाजतात ती बहुधा पश्चिमेकडील व नैर्ऋत्येकडील फळेच का, असा प्रश्न बागायतदार नेहमी विचारतात. उत्तर साधे आहे. सकाळचे ऊन पूर्वेच्या फळांवर पडते त्या वेळी हवा व जमीन अद्याप थंड असतात. पश्चिमेच्या फळांवर ऊन पडते ते दुपारी दोननंतर, म्हणजे हवा दिवसातील सर्वाधिक तापलेली असताना. शिवाय तोपर्यंत झाडातील पाण्याचा पुरवठाही ओढग्रस्त झालेला असतो. ऊन तेच असले तरी ते तापलेल्या तव्यावर पडते.

यासोबत झाडाच्या माथ्यावरील फळेही धोक्यात असतात. सोलापूर-पुणे पट्ट्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो व सावली पायांखाली जाते. त्या दिवसांत माथ्यावरील विरळ पानांतून ऊन थेट आत शिरते. डाळिंबाच्या फळाची आणखी एक खोड आहे. कोवळे असताना ते फांदीच्या टोकाशी वर तोंड करून उभे असते. वजन वाढले म्हणजे ते खाली लवते व कलंडते. अशा वेळी आजवर सावलीत असलेले देठाजवळचे खांदे उघडे पडतात. मे महिन्यात फळांच्या खांद्यावर अचानक चट्टे दिसू लागतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

चट्टा की तेल्या?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने बागेत गेल्यावर पहिले काम करावयाचे ते रोगापासून हा चट्टा वेगळा ओळखण्याचे. चूक झाली तर दोन्हीकडून नुकसान होते. चट्ट्यास रोग समजल्यास निष्कारण फवारण्या होतात आणि तेल्यास चट्टा समजून स्वस्थ बसल्यास सारी बाग हातची जाते.

उन्हाचा चट्टा फळाच्या एकाच बाजूस असतो व ती बाजू सूर्याकडे असते. तो मोठा, एकसंध व कडेला हळूहळू फिकट होत गेलेला असतो. एखादे पान किंवा शेजारचे फळ त्या ठिकाणी टेकलेले असेल, तर चट्टा त्याच्या सावलीच्या कडेपाशी थांबतो. पान उचलून पाहिल्यास खालची साल निरोगी व रंगदार दिसते. हा पुरावा निर्णायक मानावा. तेल्या रोगाचे डाग याउलट लहान, तेलकट, पाणी शोषल्यासारखे असतात व ते फळाच्या कोणत्याही अंगावर, सावलीतील फळांवर, तसेच पानांवर व फांद्यांवरही दिसतात. पुढे फळावरील डागांतून इंग्रजी एल किंवा वाय या अक्षरांच्या आकाराच्या भेगा पडतात. केवळ फळे डागाळलेली आहेत व पाने पूर्ण निरोगी आहेत, सर्व डागही एकाच दिशेला आहेत, असे दिसल्यास औषधाचा पंप खाली ठेवावा.

अर्थात दोन्ही गोष्टी एकाच बागेत असू शकतात, हे विसरू नये. तेल्यामुळे पाने गळतात व पाने गळाल्यामुळे राहिलेली फळे भाजतात. कोळी व फुलकिडे यांच्या उपद्रवानेही पालवी विरळ होते. अशा बागेत कीड-रोगाचा बंदोबस्त हा उन्हापासूनच्या रक्षणाचाही भाग होय.

बहराची निवड व छाटणी

डाळिंबास वर्षातून तीन बहर येऊ शकतात. आंबे बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येऊन फळे जून ते ऑगस्टच्या सुमारास तयार होतात. मृग बहर जून-जुलैत फुलतो व त्याची फळे हिवाळ्यात निघतात. हस्त बहराची फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात व फळे फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत काढणीस येतात. यांपैकी आंबे बहराचीच फळे एप्रिल-मेचे सगळे ऊन अंगावर घेतात. तरीही तो बहर पुष्कळांना पसंत असतो, कारण फुलोरा खात्रीचा येतो व कोरड्या हवेमुळे सुरुवातीच्या काळात तेल्याचा त्रास कमी असतो. ही पसंती योग्यच आहे, मात्र एका अटीवर. विहिरीचे किंवा शेततळ्याचे पाणी मे अखेरपर्यंत पुरले पाहिजे. ज्याच्या विहिरीने मागील तीन उन्हाळ्यांत एप्रिलमध्येच तळ गाठला, त्याने आंबे बहर धरणे म्हणजे फळे धरून ती भाजण्यासाठी टांगून ठेवणे होय. अशा ठिकाणी हस्त बहराचा विचार करणे हितावह ठरेल. त्या काळात अवकाळी ढगाळ हवा असल्यास ताण नीट बसत नाही व फुलोरा अनिश्चित राहतो, हा त्याचा दोष आहे. परंतु कडक ऊन लागण्यापूर्वी बहुतेक फळ घरात येते.

आंबे बहर धरण्यासाठी झाडांना ताण देऊन, इथेफॉन फवारून पानगळ केली जाते व मग पहिले पाणी देतात. त्यानंतर येणारी नवी पालवी हीच पुढे फळांची छत्री होणार असते. म्हणून बहर धरण्यास जितका उशीर होतो, तितकी ही छत्री एप्रिलपर्यंत अपुरी राहते. फेब्रुवारीच्या अखेरीस पहिले पाणी दिलेल्या बागेत कडक ऊन सुरू होते त्या वेळी पाने कोवळी व थोडी असतात.

छाटणीबाबत एक गैरसमज रूढ झालेला दिसतो. झाड आतून मोकळे असावे, हवा खेळती राहावी, हा सल्ला रोगाच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु मोकळे म्हणजे उघडे नव्हे. झाडाचा गाभा मोकळा ठेवावा, मात्र पश्चिम व नैर्ऋत्य अंगाच्या बाहेरील बारीक फांद्या शक्य तितक्या राखाव्यात. रोगट, वाळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढल्या म्हणजे छाटणी पुरी झाली असे समजावे. झाडाच्या चारही बाजूंस सारखी कात्री चालविणारा कुशल कारागीर दिसायला सुबक झाड करतो खरा, पण त्या सुबकपणाची किंमत मे महिन्यात कळते.

फळांची विरळणी करतानाही दिशा पाहावी. पूर्ण वाढलेल्या चांगल्या झाडावर साठ ते ऐंशी फळे ठेवावीत, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. जी फळे काढावयाचीच आहेत, ती फांदीच्या टोकाची, पश्चिमेस उघडी पडलेली अशी निवडून काढावीत. पानांच्या आत दडलेली फळे ठेवावीत. एकाच संख्येची विरळणी करणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या बागांत चट्ट्याचे प्रमाण निराळे दिसते, त्याचे एक कारण या निवडीत असते.

फांद्यांना आधार देण्याचे कामही वेळेवर व्हावे. फळांच्या वजनाने फांद्या लवल्यावर, मे महिन्यात बांबू व सुतळी घेऊन त्या वर ओढून बांधल्या जातात. त्यामुळे फांदीची दिशा बदलते व सावलीतील बाजू उन्हात येते. वर सांगितलेला एकाएकी उघडे पडण्याचा प्रकार तो हाच. बांधणी मार्चपर्यंत, फळे लहान असतानाच उरकावी. बुंध्यातून व जाड फांद्यांतून सरळ वर जाणारे निष्फळ फुटवे, म्हणजे पाणसोट, झाडाचे अन्न खातात म्हणून काढावेत हे खरे. पण ते लहान असताना वरचेवर खुडावेत. वाढू दिलेले सर्व पाणसोट एप्रिलच्या कडक उन्हात एकाच दिवशी कापून काढणे धोक्याचे आहे. त्यांच्या आडोशाला वाढलेली फळे दोन-तीन दिवसांत पिवळी पडतात. अशा वेळी पश्चिमेकडील पाणसोटांचे केवळ शेंडे मारून ते पावसापर्यंत ठेवणे बरे.

पाणी

पान थंड राहते ते मुळांनी पुरविलेल्या पाण्यावर. पाणी कमी पडले म्हणजे पान प्रथम आपली छिद्रे मिटते, मग कडा वळवून घेते व शेवटी गळते. या प्रत्येक पायरीला फळावरील सावली घटत जाते. दुपारी पाने थोडी मलूल दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. सकाळी उजाडताना ती मलूल असतील तर ओल कमी पडत आहे असे निश्चित समजावे. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबावी. गोळा होऊन तो हलक्या धक्क्याने फुटला तर ओल पुरेशी आहे. गोळाच न झाल्यास पाणी वाढवावे व चिकट चिखल झाल्यास कमी करावे.

पाण्यातील नियमितपणा हा प्रमाणाइतकाच महत्त्वाचा आहे. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. भाजलेले फळ अधिक तडकते, कारण मेलेली साल ताणली जात नाही आणि आतील दाणे मात्र फुगतात. वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर तडकलेली फळे तपासल्यास पुष्कळ फळांची भेग चट्ट्यातूनच गेलेली दिसून येईल. भर दुपारी फळांवर पाणी शिंपडून ती गार करण्याचा मोह टाळावा. ओल्या पानांवरून उडणाऱ्या थेंबांबरोबर तेल्याचे जंतू झाडोझाड पसरतात.

बुंध्याभोवती उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा भुसा यांचे तीन-चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. त्यामुळे ओल टिकते. त्याचा दुसरा फायदा फारसा लक्षात घेतला जात नाही. उघड्या मुरमाड जमिनीवरून परावर्तित होणारे ऊन व धग खालच्या फळांना पोळते. ती धग आच्छादनाने कमी होते. बागेच्या पश्चिम व नैर्ऋत्य बांधावर शेवरी, शेवगा यांसारख्या झाडांची ओळ असल्यास उष्ण वारा अडतो. केळीच्या मुलखात, रावेर-यावल भागात, शेवरीचा आडोसा व घडावर पानांचे झाकण घालण्याची चाल जुनी आहे. घडाच्या दांड्यावर पान दुमडून घातले नाही तर दांडा भाजून घड गळतो, हे तेथील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डाळिंबास तोच विचार लावावयाचा आहे.

केओलिन, पिशवी व साडी

पालवी कितीही राखली तरी काही फळे उघडी राहणारच. त्यांच्यासाठी तीन उपाय प्रचारात आहेत.

पहिला उपाय केओलिन या पांढऱ्या, मऊ मातीच्या भुकटीचा. ती फळावर व पानांवर बसली म्हणजे पांढरा पातळ थर तयार होतो व तो उन्हाचा काही भाग परतवून लावतो. हे औषध नव्हे. रोगावर त्याचा उपयोग अपेक्षू नये. पहिल्या फवारणीसाठी प्रमाण लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीस १० किलो घ्यावे. भुकटी एकदम टाकीत ओतल्यास गुठळ्या होतात. प्रथम थोड्या पाण्यात तिचे पातळ पीठ करावे, फडक्यातून गाळावे व मग उरलेल्या पाण्यात मिसळावे. फवारणी चालू असताना टाकी सतत ढवळत राहणे आवश्यक आहे. नाहीतर माती तळाशी बसते, पहिल्या झाडांना नुसते पाणी मिळते व शेवटच्या झाडांना गारा. फवारणी सकाळी करावी व माथा, पश्चिम आणि नैर्ऋत्य या बाजूंवर भर द्यावा. ती कडक ऊन सुरू होण्यापूर्वी, एप्रिलच्या आरंभी करून पंधरा दिवसांच्या अंतराने गरजेनुसार पुन्हा करावी. वळीव पडून थर धुतला गेल्यास अंतराची वाट न पाहता पुन्हा फवारावे. कीटकनाशक किंवा बुरशीनाशक त्यात मिसळू नये. काढणी जवळ आल्यावर फवारणी थांबवावी. फळाच्या मुकुटात बसलेली पांढरी माती पुसून काढण्यास फार मजुरी लागते.

दुसरा उपाय पिशव्यांचा. बटर पेपरच्या किंवा पांढऱ्या न विणलेल्या कापडाच्या पिशव्या फळांना घालतात. त्यांनी उन्हाबरोबर फळे पोखरणाऱ्या अळीपासूनही रक्षण होते. मात्र कीड आत घेऊन पिशवी बांधल्यास ती किडीचे घर बनते. म्हणून फळ तपासूनच पिशवी चढवावी. प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्या कदापि वापरू नयेत. त्यांत धग व दमटपणा कोंडतो. सर्व फळांना पिशव्या घालणे लहान बागायतदारास परवडत नसेल तर केवळ उघड्या बाजूच्या फळांना घालाव्यात. वर्तमानपत्राची पिशवीही कोरड्या हवेत काम देते, पण पहिल्या वळवात फाटते. काढणीपूर्वी पिशवी काढावयाची झाल्यास संध्याकाळी काढावी, दुपारी नव्हे.

तिसरा उपाय शेतकऱ्यांनी आपल्या अनुभवातून काढला आहे. अनेक ठिकाणी जुन्या साड्या विकत घेऊन त्या झाडांच्या ओळींवर पसरतात. उन्हाळ्यात हे रंगीबेरंगी दृश्य पाहणाऱ्यास गंमत वाटते, परंतु त्यातील हिशेब पक्का असतो. शेडनेटपेक्षा साडी स्वस्त पडते व जपून वापरल्यास पुन्हा उपयोगी येते. साड्या फिकट रंगाच्या व पातळ असाव्यात. दाट कापडाखाली भगव्याचा रंग नीट भरत नाही. फुलोरा चालू असताना साड्या टाकू नयेत, कारण मधमाश्यांना फुलांपर्यंत पोहोचता आले पाहिजे. फळधारणा झाल्यावर, मार्च अखेरीस टाकाव्यात. वाऱ्याने उडून फळांवर घासू नयेत म्हणून चारही टोके बांबूला किंवा तारेला घट्ट बांधावीत. जूनमध्ये पावसाळी हवा सुरू होताच त्या काढून घ्याव्यात. ओल्या साडीखालच्या कोंदट सावलीत तेल्या व बुरशी फोफावतात, आणि उन्हापासून वाचविलेली फळे पावसात गमावण्याची वेळ येते.

बुंधाही भाजतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. नव्या लागवडीत व जोरकस छाटणीनंतर खोडाच्या पश्चिमेकडील साल तापून तडकते व अशा जागी खोडकिडीस वाट मिळते. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना दहा लिटर पाण्यात करून तयार केलेले बोर्डो मलम खोडास दोन फुटांपर्यंत लावल्यास बुरशीपासून रक्षण होते व फिकट थरामुळे खोड तापत नाही. विदर्भातील संत्रा बागायतदार हे मलम डिंक्या रोगासाठी लावतात. डाळिंबासही ते तितकेच उपयोगी आहे.

भाजलेल्या फळाचे काय करावे?

नुसती पिवळसर छटा आलेले फळ वाचू शकते. त्याच दिवशी त्यास पिशवी घालावी किंवा शेजारची पानेदार फांदी सुतळीने त्यावर ओढून बांधावी. छटा पूर्ण जाणार नाही, पण डाग पुढे वाढत नाही. तपकिरी, कडक झालेले फळ पूर्ववत होत नाही. ते एप्रिलमध्ये लिंबाएवढे असतानाच असे झाले असेल, तर काढून टाकणे इष्ट. झाडाचे अन्न उरलेल्या फळांस मिळते. मोठे झालेले फळ मात्र लगेच फेकू नये. अशी दोन-चार फळे कापून पाहावीत. चट्ट्याखालचे थोडेसेच दाणे फिके किंवा तपकिरी असतील व बाकीचे रसरशीत असतील, तर ती फळे पक्व होऊ द्यावीत आणि रसासाठी किंवा दाणे काढून विकण्यासाठी काढणीच्या वेळी वेगळी ठेवावीत. चांगल्या फळांच्या पेटीत वरच्या थराखाली डागी फळे दडविण्याची युक्ती एकदाच चालते; पुढील खेपेस व्यापारी साऱ्या मालाचा भाव त्या डागी फळांच्या हिशेबाने सांगतो.

काळी पडलेली व तडकलेली फळे झाडावर किंवा झाडाखाली राहू देऊ नयेत. त्यांच्या भेगांत बुरशी वाढते व रस शोषणारे पतंग तेथे येतात. दर आठवड्यास एक फेरी मारून अशी फळे पाटीत गोळा करावीत व बागेबाहेर दोन फूट खोल खड्ड्यात पुरावीत. ही फेरी मारतानाच कोणत्या झाडाच्या कोणत्या अंगाला किती फळे भाजली, याची नोंद वहीत करून ठेवावी. येत्या डिसेंबरात छाटणीचा कारागीर बागेत येईल, त्या वेळी ती वही त्याच्यापुढे उघडून ठेवता येईल.